टॉर्च टेस्टचा रिव्ह्यू : रिपोर्ट वेळेत आला, पण सीएमव्ही या व्हायरसबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही

मी पुण्यात एका प्लेग्रुपमध्ये शिकवते, दीड ते तीन वर्षांची पोरं. दुसऱ्या वेळेला दिवस गेले तेव्हा डॉक्टरांनी बाकीच्या ब्लड टेस्टबरोबर टॉर्च पॅनेलपण लिहून दिलं, म्हणजे आईकडून पोटातल्या बाळाला जाऊ शकणाऱ्या इन्फेक्शन्सची एकत्र ब्लड टेस्ट. लॅबचं नाव इथे टाकत नाही, कारण मैत्रिणींना विचारलं तर वेगवेगळ्या लॅबमध्ये सगळ्यांचा अनुभव थोड्याफार फरकाने हाच. त्यामुळे हा रिव्ह्यू एका लॅबचा नाही, त्या टेस्टचा आणि तिच्यासोबत जी सर्व्हिस मिळायला हवी त्याचा आहे. पुढे बाळाच्या कानाच्या टेस्टबद्दलपण लिहिलंय. कोणाच्या घरी आत्ताच बाळ झालं असेल तर आधी तो भाग वाचा, त्याला तारखेची मर्यादा आहे.

आधी जे चांगलं ते सांगते. ब्लड घ्यायला येणारा दादा सकाळी सांगितलेल्या वेळेला दारात हजर, नवीन सुई समोर फोडली, शीर पटकन सापडली, हात काळानिळा झाला नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ आली. पैसे मात्र बरेच गेले, बाकीच्या रुटीन टेस्ट सगळ्या मिळून जेवढ्याला पडल्या त्याच्या आसपास ही एकटी टेस्ट. चालेल म्हटलं, बाळाच्या बाबतीत कोण हिशोब करतं.

आता रिपोर्ट. दोन पानं. टॉक्सोप्लाझ्मा, रुबेला, सायटोमेगॅलोव्हायरस, हर्पिस, प्रत्येकासमोर आयजीजी आणि आयजीएम (इन्फेक्शनशी लढायला शरीर बनवतं त्या दोन प्रकारच्या अँटिबॉडी) अशा दोन ओळी, मग एक आकडा, मग रेंज आणि शेवटच्या रकान्यात रिअ‍ॅक्टिव्ह नाहीतर नॉन रिअ‍ॅक्टिव्ह. माझ्या रिपोर्टमध्ये सायटोमेगॅलोव्हायरस आयजीजीचा आकडा ठळक अक्षरात, रेंजच्या कितीतरी वर, आणि पुढे रिअ‍ॅक्टिव्ह. पानाच्या तळाशी बारीक टायपात एक ओळ की हा रिपोर्ट डॉक्टरांच्या सल्ल्याने वाचावा. संपलं. त्या व्हायरसचं नाव धड वाचता येत नव्हतं घरात कोणाला. सासूबाई दोनदा येऊन विचारून गेल्या, काय गं, काही निघालं का. नवरा मोबाईल घेऊन बसला आणि पहिल्या पाच मिनिटांत त्याला बहिरेपण, डोकं लहान राहणं, फिट्स, मतिमंदत्व, दृष्टी जाणं असं सगळं एका पानावर सापडलं. ती रात्र आम्ही दोघांनी जागून काढली.

लॅबच्या हेल्पलाइनला फोन केला तर तिकडची मुलगी बिचारी गोड बोलली पण तिला एवढंच सांगता येत होतं की मॅडम रिपोर्ट बरोबर आहे, तुम्ही डॉक्टरांना दाखवा. डॉक्टरांकडे ओपीडीत ही गर्दी, त्यांनी एक नजर टाकली आणि म्हणाल्या आयजीजी आहे ना, म्हणजे जुनं आहे, आयजीएम निगेटिव्ह आहे, टेन्शन घेऊ नका. नेक्स्ट पेशंट. आणि खरं सांगायचं तर त्या म्हणाल्या ते चूक नव्हतं. पण अर्धंच होतं. राहिलेलं अर्धं मला बाळंतपणानंतर कळलं, तेही एका ऑडिओलॉजिस्टकडून, आणि ते कळल्यापासून मी दिसेल त्या गरोदर बाईला पकडून सांगतेय, म्हणून हे एवढं लांबलचक लिहिणं.

तर सायटोमेगॅलोव्हायरस, सगळे सीएमव्ही म्हणतात. कांजिण्या आणि हर्पिसच्या घराण्यातलाच व्हायरस. एकदा अंगात शिरला की आयुष्यभर गुपचूप पडून राहतो, मधूनच जागा होतो, धडधाकट माणसाला पत्तापण लागत नाही, फार तर सर्दी-तापासारखं होऊन जातं. आपल्याकडे बहुतेकांना तो लहानपणीच होऊन गेलेला असतो. भारतातल्या बाळंतपणाच्या वयातल्या बायकांचं ब्लड तपासलं तर शंभरातल्या नव्वदच्या आसपास किंवा त्याहून जास्त जणींमध्ये सीएमव्ही आयजीजी सापडतंच. म्हणजे माझ्या रिपोर्टवरचं ते ठळक रिअ‍ॅक्टिव्ह आमच्या सोसायटीतल्या जवळपास प्रत्येक बाईच्या रिपोर्टवर आलं असतं! एवढं एक वाक्य त्या पीडीएफमध्ये छापायला काय हरकत होती हे मला अजून समजलेलं नाही.

आयजीएमचं उलटं आहे. ते पॉझिटिव्ह आलं की लोकांना वाटतं आत्ता ताजं इन्फेक्शन झालंय, पण ते कित्येक महिने रेंगाळू शकतं, दुसऱ्याच एखाद्या व्हायरसमुळे खोटं पॉझिटिव्हपण येऊ शकतं. माझ्या ओळखीतल्या एका वहिनींचं आयजीएम बॉर्डरलाइन आलं, तर घरातली मोठी माणसं थेट गर्भपाताची भाषा बोलायला लागली, फक्त त्या एका आकड्यावर! नशीब की दुसऱ्या डॉक्टरांनी अ‍ॅव्हिडिटी नावाची टेस्ट करून घेतली. त्यात अँटिबॉडी किती पक्क्या चिकटतात ते बघतात, पक्क्या असल्या तर इन्फेक्शन जुनं, कच्च्या असल्या तर गेल्या तीनेक महिन्यांतलं असू शकतं. वहिनींचं जुनं निघालं, मुलगी आता बालवाडीत जाते. कोणाचं आयजीएम आलं असेल तर कृपा करून त्या एका कागदावर कसलाच निर्णय घेऊ नका. अ‍ॅव्हिडिटी आहे, सोनोग्राफी आहे, गरज पडली तर पुढच्या महिन्यांत गर्भजलाची तपासणी आहे, आणि हे सगळं समजून सांगणारे फीटल मेडिसिनचे, म्हणजे पोटातल्या बाळाचे डॉक्टर आता पुण्या-मुंबईतच काय, नाशिक-नागपूर-कोल्हापुरातपण भेटतात.

टॉर्च हे नाव १९७१ मध्ये आंद्रे नाहमियास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काढलं, आईकडून बाळाला जाणारी इन्फेक्शन्स डॉक्टरांना एकत्र लक्षात राहावीत म्हणून. आता त्याचं पॅकेज होऊन काही लक्षण नसताना सरसकट लिहून दिलं जातं, आणि सीएमव्हीपुरतं बोलायचं तर अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांची संघटनासुद्धा सगळ्या गरोदर बायकांचं असं रुटीन ब्लड तपासा असं सांगत नाही. सोनोग्राफीत काही दिसलं, आईला विचित्र ताप येऊन गेला, तर गोष्ट वेगळी, तेव्हा ही टेस्ट उपयोगाची आहे. माझ्या बाबतीत यातलं काहीच नव्हतं.

आता ते राहिलेलं अर्धं. आयजीजी आहे म्हणजे जुनं आहे म्हणजे विषय संपला, असं सीएमव्हीत नसतं. रुबेलाचं तसं आहे, एकदा होऊन गेला किंवा लस घेतली की बऱ्यापैकी निश्चिंत. सीएमव्ही अंगात आधीपासून असला तरी गरोदरपणात परत जागा होऊ शकतो, किंवा त्याचाच दुसरा एखादा प्रकार बाहेरून लागू शकतो, आणि दोन्हीमध्ये बाळापर्यंत पोचू शकतो. त्याची शक्यता पहिल्यांदाच इन्फेक्शन होणाऱ्या आईपेक्षा खूप कमी. पहिल्यांदा झालं तर साधारण तिघींत एकीच्या बाळाला जातं, जुनं असलं तर शंभरात एखादीच्या. पण आपल्याकडे जुनं इन्फेक्शन असलेल्या बायकाच एवढ्या आहेत की सीएमव्ही घेऊन जन्माला येणारी बहुतेक बाळं याच, आयजीजी पॉझिटिव्ह, टेन्शन घेऊ नका म्हणून घरी पाठवलेल्या आयांची असतात. हे मला ज्या दिवशी कळलं तेव्हा मी तो रिपोर्ट परत काढून बघितला. घाबरवायला पूर्ण पान आहे आणि सावध करायला एक ओळ नाही!

आणि हा काही दुर्मिळ प्रकार नाही हो. अमेरिकेची सरकारी आरोग्य संस्था सीडीसी सांगते की तिकडे साधारण २०० बाळांमागे एक सीएमव्ही घेऊन जन्माला येतं आणि अशा पाचातल्या एकाला पुढे कायमचा काहीतरी त्रास राहतो. जेनेटिक कारणं सोडली तर लहान मुलांच्या बहिरेपणाचं सगळ्यात मोठं कारण हेच. तरी तिकडेपण बायकांना सर्व्हेत विचारलं तर शंभरातल्या दहा जणींनीसुद्धा हे नाव ऐकलेलं नसतं. आपल्याकडे तर विचारायलाच नको.

२०२४ च्या पावसाळ्यात पुण्यात झिकाचे पेशंट सापडले, सुरुवात एरंडवण्यातून झाली, मग गरोदर बायकापण त्यात निघाल्या. तेव्हा काय धावपळ झाली होती आठवतंय का, धुराच्या गाड्या, घरोघरी कुंड्यांतलं पाणी तपासणारी माणसं, गरोदर बायकांचे सॅम्पल एनआयव्ही या व्हायरसवर संशोधन करणाऱ्या संस्थेला, पेपरात रोज बातमी, सोसायटीच्या ग्रुपवर दिवसाला दहा मेसेज. ते बरोबरच होतं, तसंच करायला हवं. पण त्याच गरोदर बायकांना, त्याच ओपीडीत, त्याच महिन्यात, घरातल्या दोन वर्षांच्या पोराचा उष्टा घास तोंडात टाकू नका एवढं कोणी सांगितलं असेल असं मला वाटत नाही. डास दिसतो, त्याच्यामागे धूर मारता येतो. सीएमव्ही आपल्याच लेकराच्या लाळेत आणि शूमध्ये असतो, त्यामुळे त्याची भीती कोणाला वाटत नाही.

हो, लहान मुलं. हा व्हायरस हवेतून पसरत नाही, डासातून नाही, लाळ आणि लघवीतून पसरतो. आणि पाळणाघरात, प्लेग्रुपमध्ये जाणारी एक ते तीन वर्षांची पोरं एकमेकांची खेळणी चोखून तो घेतात आणि मग महिनोन् महिने, कधी वर्षापेक्षा जास्त, काहीही आजारी न दिसता लाळेतून, शूतून बाहेर टाकत राहतात. म्हणजे जास्त जपायला हवं ते दुसऱ्यांदा गरोदर असलेल्या बायकांनी, ज्यांचं पहिलं अजून नॅपीत आहे, आणि आमच्यासारख्या ताया आणि पाळणाघराच्या मावश्यांनी. मी दिवसभरात किती नाकं पुसते, किती वेळा एखाद्याचा अर्धा खाल्लेला बिस्किटाचा तुकडा उरलाय म्हणून स्वतःच्या तोंडात टाकलेला असेल, याला गणती नाही. घरी तर विचारूच नका, आपल्याकडे आईनं पोराच्या ताटातलं उरलेलं खायचं ही रीतच आहे, अन्न वाया जाऊ द्यायचं नाही म्हणून, आणि वरणभात गरम आहे का ते आधी स्वतःच्या जिभेला लावून बघायचं, मग त्याच चमच्याने भरवायचं. मुलाचं चोखणं खाली पडलं की आपल्या तोंडात घालून साफ करणाऱ्या आज्याही बघितल्यात. प्रेमच आहे ते सगळं.

करायचं काय तर अगदी साधं. नॅपी बदलली, नाक पुसलं, लाळ पुसली, भरवलं, की साबणाने वीस सेकंद नीट हात धुवायचे. गरोदरपणात पोराचा चमचा, पेला, ब्रश वेगळा, आपला वेगळा, त्याचं उष्टं नाही खायचं. पापी ओठांवर नाही, कपाळावर किंवा डोक्यावर घ्यायची. मिठी मारा, कुशीत घेऊन झोपा, काही बिघडत नाही. चोखलेली खेळणी धुवून ठेवायची. आणि जमेल तेवढं घरातल्या दुसऱ्यांना करायला लावायचं, नॅपी बदलायला बापाचे हात काही झिजत नाहीत.

एवढ्याने काय होतंय असं वाटेल, मलापण वाटलं होतं. पण इटलीत ज्यांना आधी सीएमव्ही झालेला नव्हता आणि ज्यांचा लहान मुलांशी रोजचा संबंध होता अशा गरोदर बायकांचा एक अभ्यास झाला, २०१५ मध्ये छापून आला. ज्यांना हे हात धुण्याचं आणि उष्ट्याचं नीट समजावून सांगितलं त्यांच्यात १.२ टक्के जणींना इन्फेक्शन झालं, ज्यांना सांगितलं नव्हतं त्यांच्यात ७.६ टक्के. औषध नाही, इंजेक्शन नाही, नुसतं सांगणं! आपल्याकडे बहुतेकींना आधीच होऊन गेलेलं असतं म्हणून आकडे असेच्या असे लागू होणार नाहीत, पण नवा प्रकार बाहेरून येतो तोपण याच लाळेतून येतो ना. लस तर अजून नाहीये. म्हणजे आत्ता हातात आहे ते एवढंच आणि ते फुकट आहे, आणि नेमकं तेच पॅकेजमध्ये नाही.

हे आमच्या प्लेग्रुपमध्ये सांगितल्यावर मॅडमनी ऐकलं, मनापासून ऐकलं. आता नॅपी बदलायच्या टेबलाशेजारीच साबण आणि टॉवेल असतो, आधी बेसिन पार पॅसेजच्या टोकाला होतं त्यामुळे घाईत हात पुसून भागवलं जायचं. आणि कोणी ताई गरोदर असली तर तिला मोठ्या गटावर टाकतात, जिथे नॅप्या नसतात. मुलांना घरी ठेवा वगैरे काही म्हणायचं नाहीये मला, त्या पोरांची यात काय चूक, आणि कुठलं मूल व्हायरस टाकतंय हे बघून कळत नाही. सगळ्यांच्याच बाबतीत हात धुवायचे.

आता दुसरी सर्व्हिस, बाळाच्या कानाची टेस्ट, आणि इथे मी हातचं काही न राखता कौतुक करणार आहे.

ज्या हॉस्पिटलमध्ये डिलिव्हरी झाली तिथे डिस्चार्जच्या आधी सगळ्या बाळांची ओएई, म्हणजे ऐकू येतं का बघायची पहिली टेस्ट करतात. ऑडिओलॉजिस्ट ताई छोटं मशीन घेऊन खोलीतच आल्या, म्हणाल्या दूध पाजून झोपवा, झोपलेलं बाळच पाहिजे. मशीनला एक वायर, तिच्या टोकाला मऊ रबराची चिमुकली टोपी, ती कानात अलगद बसवली, टिकटिक आवाज, मिनिटभरात स्क्रीनवर हिरव्या रंगात पास. उजवा कान पास. डावा कान परत केला, परत केला, रेफर आलं, म्हणजे पास नाही, पुन्हा तपासा. माझा चेहरा बघून त्यांनी मशीन खाली ठेवलं, खुर्ची ओढली आणि बसल्या. हे मी विसरणार नाही. म्हणाल्या पहिल्या दोन-तीन दिवसांत कानात जन्माच्या वेळचा चिकटा असतो, खूप बाळांचं रेफर येतं, दोन आठवड्यांच्या आत परत करू, बहुतेक पास होईल. आणि मग म्हणाल्या, पण तोपर्यंत एक काम करा, पीडिॲट्रिशियनना विचारून बाळाच्या लघवीची सीएमव्ही पीसीआर (त्यात थेट व्हायरसच शोधतात) करून घ्या, कारण ती २१ दिवसांच्या आतच करावी लागते.

२१ दिवस. हा आकडा नवीन बाळ असलेल्या प्रत्येक घराच्या फ्रिजवर चिकटवला पाहिजे. कारण असं की तीन आठवड्यांनंतर बाळाच्या लघवीत किंवा लाळेत सीएमव्ही सापडला तर तो पोटात असताना झालेला की जन्मानंतर दुधातून किंवा कोणाच्या पापीतून आलेला, हे मग सांगता येत नाही. जन्मानंतर झालेला व्हायरस वेळेवर, पूर्ण दिवस भरून झालेल्या धडधाकट बाळाला सहसा काही करत नाही, पोटातला करतो. म्हणून आईचं ब्लड तपासून जे कळत नाही ते बाळाच्या चमचाभर लघवीतून पहिल्या तीन आठवड्यांत कळतं. लाळेवरपण करतात, पण दूध पाजल्यावर लगेच नाही, निदान तासभर थांबून, कारण दुधातलाच व्हायरस सापडून खोटा पॉझिटिव्ह येऊ शकतो, आणि लाळेत आला तर लघवीवर पक्का करून घेतात. हां, यावरून कोणी अंगावरचं दूध बंद करू नका, वेळेवर झालेल्या बाळाला पाजायला काही अडचण नाही. फार कमी दिवसांचं, कमी वजनाचं बाळ असेल तर तेवढं डॉक्टरांना विचारा.

लघवी गोळा करणं हा मात्र दिव्य प्रकार. चिकटणारी छोटी प्लास्टिकची पिशवी मिळते, मुलीला ती नीट बसत नाही, दोनदा बाजूने सगळं दुपट्यावर गेलं, तिसऱ्यांदा नर्स मावशींनी आधी त्वचा अगदी कोरडी करून वरून खाली अशी चिकटवली तेव्हा जमलं. पीसीआर स्वस्त नाही, सगळीकडे होतपण नाही, आमचं सॅम्पल मुंबईला गेलं. रिपोर्ट निगेटिव्ह आला आणि दोन आठवड्यांनी डावा कानपण पास झाला.

आमचं निभावलं. पण आमच्याच प्लेग्रुपमधला एक मुलगा आहे, अडीच वर्षांचा होऊन गेला तरी बोलत नव्हता, घरचे म्हणायचे मुलगे उशिराच बोलतात, बापपण उशिराच बोलला होता. मागून हाक मारली तर वळायचा नाही, समोरून ओठ बघून सगळं करायचा, इतका हुशार. आम्हीच आईबाबांना सांगितलं की एकदा कान तपासा. बेरा टेस्ट झाली, आवाज मेंदूपर्यंत पोचतो का ते बघणारी, दोन्ही कानांना खूप कमी ऐकू येतं निघालं. आणि जन्माच्या वेळी त्याची ओएई पास होती! त्याच्या आईनं डॉक्टरांना विचारलं की मग कशामुळे, तर उत्तर मिळालं की सीएमव्ही असू शकतो पण आता सिद्ध करायची वेळ गेली. ती माऊली अजून स्वतःच्या गरोदरपणातला एकेक दिवस आठवत बसते, आपण काय खाल्लं, कुठे गेलो. तिला मी एवढंच सांगते की तुझं काही चुकलं नाही, तुला कोणी हे नावच सांगितलं नव्हतं.

तर हे पण लक्षात ठेवा की सीएमव्हीवाली बहुतेक बाळं जन्माला येताना अगदी नॉर्मल दिसतात. दहातल्या जवळपास नऊ. त्यांच्यातल्या साधारण दहा-पंधरा टक्क्यांचे कान नंतर, महिन्यांनी किंवा वर्षांनी, हळूहळू जातात. जन्माचं पास हे आयुष्यभराचं सर्टिफिकेट नाही. ज्या बाळाला सीएमव्ही आहे हे कळलेलं असतं त्याचे कान शाळेच्या वयापर्यंत ठरावीक काळाने तपासत राहतात, म्हणून तर कळणं महत्त्वाचं. आणि जन्मतः लक्षणं असलेल्या बाळांना व्हॅलगॅन्सिक्लोव्हिर हे तोंडातून द्यायचं औषध सहा महिने देतात, पहिल्या महिन्यात सुरू केलं तर ऐकण्यात आणि वाढीत थोडा फायदा दिसतो, २०१५ च्या अमेरिकेतल्या ट्रायलमध्ये ते दिसलं. जादू नाही, पांढऱ्या पेशी कमी होतात म्हणून सारखं ब्लड तपासावं लागतं, द्यायचं की नाही ते तज्ज्ञच ठरवतात. पण ठरवायची संधी तरी मिळते.

परदेशात हे कुठपर्यंत गेलंय ते वाचून जरा हेवा वाटला. अमेरिकेत युटा राज्याने २०१३ मध्येच कायदा केला, कानाच्या टेस्टमध्ये नापास झालेल्या बाळाची २१ दिवसांत सीएमव्ही टेस्ट आणि लोकांना माहिती देणं सरकारवर बंधनकारक. कॅनडातल्या ओंटारिओत २०१९ पासून नवजात बाळांच्या टाचेच्या रक्तावरून सीएमव्ही बघतात. मिनेसोटा राज्यात २०२३ पासून जन्मलेल्या प्रत्येक बाळाचं बघतात. हे सगळं मुख्यतः आयांनी मागे लागून करून घेतलंय, ज्यांच्या मुलांना झालं त्या आयांनी. तिकडे जून महिना सीएमव्हीच्या जागृतीचा म्हणून पाळतात. आपल्याकडे टाचेचं रक्त तर लांबच, कानाची टेस्टसुद्धा सगळ्या प्रसूतिगृहांत होत नाही, आधी निदान ती तरी सगळीकडे होऊ दे.

रेटिंग देते. टॉर्च पॅनेल, पाचपैकी दोन. ते दोन ब्लड घेणाऱ्या दादाला आणि वेळेत आलेल्या रिपोर्टला. रिपोर्टसोबत मराठीत अर्धं पान जोडलं, की आयजीजी म्हणजे काय, आयजीएमवर घाई का करू नये, हात कधी धुवायचे आणि बाळ झाल्यावर काय विचारायचं, तर मी स्वतः येऊन चार करेन. तसं मी लॅबच्या फीडबॅक फॉर्ममध्ये लिहिलंय, मसुदापण करून दिलाय, अजून उत्तर नाही. ओपीडीला तीन, सांगितलं ते खरं होतं पण पूर्ण नव्हतं, गर्दीचा प्रश्न मलाही कळतो. कानाच्या टेस्टला आणि त्या ऑडिओलॉजिस्ट ताईंना पाचपैकी पाच, आणि ज्यांच्या हॉस्पिटलमध्ये ही टेस्ट नाही त्यांनी डिस्चार्जच्या आधी मागा, जवळ कुठे होते ते विचारा. पहिल्या महिन्यात टेस्ट, काही शंका असली तर तिसऱ्या महिन्यापर्यंत पक्कं निदान, सहाव्या महिन्यापर्यंत कानाचं मशीन किंवा थेरपी सुरू, असा जगभर हिशोब आहे.

खर्चाची अडचण असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात (आरबीएसके) जन्मजात बहिरेपण धरलेलं आहे. ही योजना २०१३ मध्ये आपल्या पालघरमधूनच सुरू झाली होती. सरकारी दवाखान्यात किंवा अंगणवाडीत आरबीएसकेच्या टीमबद्दल विचारा, ते जिल्ह्याच्या डीईआयसी केंद्राला पाठवतात, लहान मुलांच्या अशा अडचणींवर लवकर उपचार करायचं ते सरकारी केंद्र. मुंबईकडच्यांना बांद्र्याची अली यावर जंग संस्था आहे, तिथे कानाची तपासणी, स्पीच थेरपी, हिअरिंग एड सगळं एका ठिकाणी होतं. जाताना बाळाचं डिस्चार्ज कार्ड आणि जन्माच्या वेळचा ओएईचा कागद सोबत ठेवा. आणि कोणाला पीसीआर जवळपास कुठे होते ते माहीत असेल तर गावाच्या नावासकट खाली लिहा, २१ दिवसांत शोधाशोध करणाऱ्या कोणाला तरी लगेच लागेल.